बाईंच्या पायाला बांधलेली मुलगी

खेळाच्या बाईंना शाळेत सगळे शिट्टीबाई म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं गळ्यात शिट्टी अडकवून हिंडणाऱ्या बाईला आणखी काय म्हणणार? आठवीत वेगवेगळ्या शाळांमधून नव्या मुली यायच्या आणि आपापल्या जुन्या शाळेचा घोळका करून मैदानाचा एकेक कोपरा धरायच्या. त्यांची मोट बांधायचं काम बाईंचं. त्यांचा उपाय एकच, तीन पायांची शर्यत. एका घोळक्यातलीचा डावा पाय, दुसऱ्यातलीचा उजवा, आणि दोन्हींना मिळून जुन्या चादरीची पट्टी. "एकमेकींच्या अंगावर पडल्याशिवाय ओळख होत नाही," असं त्या मुख्याध्यापकांनाही ठणकावून सांगायच्या. आठवडाभर तीच जोडी पळायची. शनिवारपर्यंत गुडघे फुटलेले असायचे, पण मुली एकत्र डबा खायला लागलेल्या असायच्या.

स्वतः बाईंचं मात्र लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शिक्षकांच्या खोलीत कोणी त्यांच्याशी बोललंच, तर मैदान कधी मोकळं आहे एवढं विचारायला. घरी त्या आणि त्यांचा रेडिओ.

यंदा जोड्या लावता लावता एक मुलगी उरली. उंच, गप्प, जुन्या शाळेतून एकटीच आलेली. वर्गानं पहिल्याच दिवशी तिचं नाव 'शिडी' ठेवून टाकलं होतं. तिघींना एकत्र बांधणं बाईंना पसंत नव्हतं. मधली चेंगरते, म्हणायच्या. म्हणून त्यांनी पट्टी घेतली आणि तिचा पाय स्वतःच्या पायाला बांधला.

आठवडाभर दोघी पळाल्या आणि रोज पहिल्या आल्या. बाईंबरोबर पळणारी हरणार कशी? टाळ्या तेवढ्या कोणी वाजवल्या नाहीत. पुढे मधल्या सुट्टीत शिडी सामानाच्या खोलीत यायला लागली. चेंडूंत हवा भरायची, जाळ्यांची गाठ सोडवायची, हळूहळू बोलायचीही. बाई सकाळी डबा भरताना मुद्दाम दोघींपुरतं भरायला लागल्या. सुट्टीची घंटा व्हायच्या आधीच त्यांचं लक्ष दाराकडे जायचं.

एक दिवस शिडीची आई भेटायला आली. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? घरी आली की सारखं तुमचंच चाललेलं असतं. वर्गातल्या एकीचंही नाव तिच्या तोंडी नाही बघा."

आई गेल्यावर बाईंच्या मनात आलं, एवढ्या पोरींच्या जोड्या लावल्या आणि हिला मात्र आपण आपल्याच दावणीला बांधून ठेवलं. का, तेही त्यांना कळत होतं. ती आली की बरं वाटायचं, म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा शर्यत लावली. दोन बुटक्या, तोंडाळ मुलींच्या मधे शिडीला उभं केलं आणि तिचे दोन्ही पाय दोघींना बांधले. शिडीनं बाईंकडे पाहिलं. "बाई, मी तुमच्याबरोबर पळते ना."

"मला गुडघ्याचा त्रास आहे," बाई म्हणाल्या. गुडघे ठणठणीत होते.

तिघी चार पावलांतच धाडकन आडव्या झाल्या. "अगं शिडे, वाकून पळ की! आम्हाला काय उचलून नेतेस?" एक ओरडली. शिडी उठायला गेली आणि दोघींना घेऊन पुन्हा पडली. मग तिलाच हसू फुटलं.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत ती दारात आली. बाई लगबगीनं उठल्या. पण तिच्या मागे त्या दोघी उभ्या होत्या.

"बाई, चेंडू हवा होता," ती म्हणाली. मग संकोचून, "तुम्ही येता का खेळायला?" मागे एकीनं दुसरीला कोपर मारलं. बाईंनी ते पाहिलं.

"नको गं. मला ढीगभर कामं आहेत. पळा."

काम कसलंही नव्हतं. बाई खिडकीशी बसून ऐकत राहिल्या. मैदानावर मुलींचा कल्ला चालला होता. त्यात शिडीचा आवाज कोणता, ते त्यांनी कान देऊन ओळखायचा प्रयत्न केला, पण तो काही वेगळा ऐकू येईना. हेच तर त्यांना हवं होतं, आणि तरी त्यांना रडू आवरलं नाही.