चष्मा लावेपर्यंत

आई दवाखान्याची वेळ घ्यायला फोन करत होती. ‘मराठीसाठी तीन दाबा,’ असं ऐकू आलं, तसा तिनं फोन कानापासून लांब धरला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, काळी पडलेली स्क्रीन उजळवली आणि बोटानं तीनचा आकडा शोधू लागली. तेवढ्यात पलीकडची बाई म्हणाली, ‘आपण कोणताही पर्याय निवडला नाही. धन्यवाद.’ फोन कट.

ती बाई मीच. दवाखान्यासाठी तो आवाज मीच दिला होता.

“किती गं घाई तुला,” म्हणत आई पुन्हा नंबर लावू लागली.

मला रेकॉर्डिंगचा दिवस आठवला. तिन्ही भाषांना मिळून वेळ ठरलेली. हिंदी आणि इंग्रजी ऐसपैस बोलून झाल्या आणि उरलेल्या वेळात मराठी बसवायची होती. “मॅडम, जरा पटपट,” असं रेकॉर्डिंगवाला म्हणाला आणि मीही शहाण्यासारखी पटपट बोलले. आपल्याच गावात, आपल्याच भाषेत आपण इतके अंग चोरून का बसतो? बाक आपला आणि आपणच कडेला टेकलेले!

आज पुन्हा जाऊन बसले त्या माइकसमोर. सावकाश बोलले आणि ‘तीन दाबा’ म्हणून गप्प राहिले. चांगली ऐसपैस गप्प राहिले.

“मॅडम, एवढा वेळ नुसती शांतता? लोक कंटाळतील.”

“कंटाळू देत,” मी म्हटलं. “तिथं माझी आई चष्मा लावतेय. त्यातलं काही कापायचं नाही.”