रेची नाव आणि आमची टँक टेस्ट

लग्न होऊन सिंगापूरला आले तेव्हा पहिलं वर्षभर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यामुळे लोक मला सांगत. गप्प बसणारी बाई दिसली की माणसं तिच्यापाशी किस्से ठेवून जातात, शेजारी किल्ली ठेवून जावी तसे. न्यायला मात्र कोणी परत येत नाही. माझ्याकडे साठलेल्यांत रेचे सगळ्यात जास्त आहेत.

*

रे हा माझ्या नवऱ्याच्या, अनिच्या ऑफिसातला जहाजांचा सर्व्हेयर. कॅलिफोर्नियाचा. यिशुनला पाध्ये चीफच्या फ्लॅटवर रविवारी मराठी मरीन इंजिनियर जमत, तिथे अनि त्याला घेऊन आला. पाध्ये एकेकाळी जहाजावर चीफ इंजिनियर होते. बोट सुटली, चीफ राहिलं.

रेने सांगितलं, त्याची आई चुमाश. म्हणजे तिथल्या किनाऱ्यावरचे मूळ लोक. अमेरिकेत त्यांना इंडियन म्हणतात. त्यावरचा विनोद सगळ्यांनी पहिल्या पाच मिनिटांत करून घेतला, म्हणून इथे सांगत नाही.

"हे चुमाश राहतात कुठे?" चीफनी विचारलं.

समोर समुद्र, समुद्रात बेटं, पाठीला लगेच डोंगर, असं रे म्हणाला. मासे खातात. शिंपल्यांचे मणी करतात. पूर्वी फळ्यांच्या नावा बांधायचे.

"म्हणजे कोकणातला," चीफ म्हणाले, आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, आणखी एक ताट घ्यायला सांगितलं.

त्यानंतर रे कुठला, हे आमच्यात कोणी विचारलं नाही.

*

एकदा रेने त्यांची जुनी गोष्ट सांगितली. धरणीमातेने एका बेटावर बिया पेरून माणसं उगवली. माणसं वाढली, त्यांचा गोंगाट वाढला, आणि तिची झोपमोड व्हायला लागली. मग तिने बेटापासून किनाऱ्यापर्यंत इंद्रधनुष्याचा पूल टाकला आणि म्हणाली, पलीकडे जा, पण खाली बघू नका. काहींनी बघितलं. ते समुद्रात पडले. ते बुडू नयेत म्हणून तिने त्यांचे डॉल्फिन केले.

काकूंनी सगळ्यांना चहा दिला.

"रेलिंग नव्हतं?" अनिने विचारलं.

"नव्हतं."

"इन्स्पेक्शन कोणी केलं होतं?" चीफ म्हणाले.

काकूंना वेगळीच काळजी. "म्हणजे डॉल्फिन तुमचे भाऊबंदच. मग त्यांच्यातलं कोणी गेलं तर तुम्हाला सुतक येतं का?"

सुतक म्हणजे काय हे अनिने इंग्रजीत समजावलं. चहा गार झाला. रेने त्या आठवड्यात घरी फोन केला तेव्हा आईला विचारलं आणि पुढच्या रविवारी उत्तर आणलं.

"आई म्हणाली, तिला नक्की माहीत नाही. पण हे विचारणारी बाई कोण, तिला भेटायचंय."

*

आईचं त्या फळ्यांच्या नावांशी जुनं नातं होतं. तिच्या आजोबांनी अशी नाव वल्हवली होती. स्पॅनिश मिशनच्या पाद्र्यांनी गावंच्या गावं उठवून मिशनवर नेली, तेव्हापासून नावा बांधणं हळूहळू बंद पडत गेलं. आजोबांनंतर घरातलं कोणी तसल्या नावेत बसलं नाही. आईही नाही. ती सत्तरी ओलांडून गेली होती आणि डिसेंबरात मुलाकडे येणार होती. तिला एकदा त्या नावेत बसवायचं, असं रेने मनात धरलं होतं. पुलाउ उबीन या सिंगापूरजवळच्या बेटावर त्याने एका जुन्या घराचं अंगण भाड्याने घेतलं आणि तिथे नाव बांधायला सुरुवात केली.

"तिकडेच का नाही बांधलीस?" अनिने विचारलं.

"तिकडे चुका काढायला लोक आहेत," रे म्हणाला. "इथे कोणी नाही."

तोवर तो आमच्या लोकांना पुरता ओळखत नव्हता.

नावेत खिळा एकही नाही. फळ्यांना भोकं पाडायची, दोरीने शिवायच्या, सांध्यांत डांबर आणि राळ भरायची. नावेचा मालक अस्वलाच्या कातड्याची आखूड झूल पांघरायचा, त्यावरून त्याचा मान कळायचा, हेही रेने सांगितलं.

चीफनी बाहेरच्या उन्हाकडे बघितलं. "बॉयलर सूट चालेल?"

*

डांबर-राळेचं प्रमाण जमवायचं होतं. रेच्या बुओना व्हिस्टाच्या काँडोत असलं काही चालत नसे, म्हणून ते काकूंच्या ओट्यावर झालं. मी ढवळत होते. मजला भरून वास गेल्यावर शेजारची चिनी आंटी दारात आली.

"कुकिंग वॉट, आह?"

"बोट," काकू म्हणाल्या.

आंटीने कढईत डोकावून बघितलं. "टू थिक, लाह," म्हणाली आणि गेली.

काकूंनी राळ कमी केली. ते प्रमाण शेवटपर्यंत टिकलं.

*

नाव तयार झाली त्या शनिवारी रे सर्व्हेसाठी बाटामला गेला होता. आम्ही चौघं डबे घेऊन उबीनला गेलो. दोन लाकडी घोड्यांवर नाव ठेवलेली. चीफनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"टेस्ट केलीय का याने?"

"पाण्यात घातल्यावर कळेलच," अनि म्हणाला.

"आई बसणार आहे त्याची. टँक नवा असो की जुना, पाणी भरल्याशिवाय मी आजवर सही केलेली नाही."

अंगणात विहीर होती, विहिरीवर पंप होता. दोघांनी पाइप आणला आणि नावेत पाणी भरायला लागले. निम्मी भरली तेव्हा एक टाका सुटला. टक असा आवाज झाला. मग शेजारचा. मग सगळे एका ओळीत सुटत गेले. कोंबड्या पळाल्या, आणि फळ्या अंगणात आडव्या झाल्या.

"झाली का टेस्ट?" काकूंनी विचारलं.

नावेला पाणी बाहेरून दाबतं तेव्हा फळ्या एकमेकींना धरून राहतात, आतून दाबलं तर टाकेच तुटतात, हे अनिने मला परतीच्या बमबोटीत, म्हणजे तिथल्या लहान मोटरबोटीत, समजावलं. टेस्टच्या आधी समजावलं नव्हतं.

रे बाटामहून परतल्यावर आम्ही त्याला उबीनला घेऊन गेलो. त्याने एक फळी उचलून भोकं तपासली.

"लीक कुठे होती, ते कळलं?"

"सगळीकडे," चीफ म्हणाले.

रे विहिरीच्या कठड्यावर बसला. आईचं तिकीट काढून झालं होतं.

मग एकही सुट्टी कोणी घरी काढली नाही. आम्ही दोघी डांबर तापवायचो, अनि भोकं साफ करायचा, आणि चीफ चष्मा नाकावर घेऊन टाके घालायचे. जहाजावर एवढं वाकले असते तर ऑफिसात बदली मागावी लागली नसती, असं काकू म्हणाल्या.

*

आई आली. लहानखुरी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला पर्स. काकूंनी तिला जेटीवरच ताई करून टाकलं. उबीनच्या किनाऱ्यावर ती नावेभोवती फिरली, तेव्हा चीफ हात मागे बांधून उभे होते. तिने सांध्यावर अंगठा दाबला, वास घेतला.

"डांबर कोणी केलं?"

काकूंनी हात वर केला. आईने मान डोलावली. मग बूट न काढताच पाण्यात शिरली आणि नावेच्या मधोमध जाऊन बसली. रे पुढे, अनि मागे, वल्ही घेऊन. आम्ही बाकीचे बमबोटीतून शेजारून चाललो.

किनारा जरा मागे पडला आणि नावेत पाणी दिसायला लागलं.

"ह्या नावा नेहमीच थोड्या गळायच्या," रे आम्हाला ओरडून म्हणाला. त्याचा आवाज काही बरा नव्हता. "एक माणूस नुसता पाणी काढायलाच बसायचा. पूर्ण वेळ."

आईने पर्स उघडली. आतून तळहाताहून मोठा शिंपला काढला, घरून आणलेला, आणि पाणी काढायला लागली. ती एक शिंपलाभर पाणी बाहेर टाकायची, तेवढंच आत यायचं. बूट बुडाले होते.

चीफ बमबोटीत उभे राहिले. "रे, वळव. टेस्ट फेल आहे."

रेने वल्हं थांबवलं. "आई, वळू या?"

तिने मान वर केली नाही.

"वळू ना," ती म्हणाली. "एवढं पाणी संपू दे."