तोमरजी आणि मक्याचं प्लास्टिक

वर्कशॉपमध्ये शिकवणाऱ्याला किस्से शोधायला जावं लागत नाही. लेथखाली लोखंडाचा कीस साठतो तसे ते साठत जातात. झाडून टाकणं जिवावर येतं, एवढंच! मी ग्वाल्हेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मॅन्युफॅक्चरिंग शिकवते. वर्कशॉपचे खरे मालक मात्र तोमरजी, आमचे जुने टेक्निशियन.

थ्री-डी प्रिंटर आला आणि पहिलाच जॉब बिघडला. डबीच्या जागी प्लास्टिकच्या दोऱ्यांचं भेंडोळं! मी कपाळाला हात लावला. तोमरजींनी ते उजेडात धरून नीट पाहिलं.

"मॅडम, मशीन बढ़िया है. सिवइयाँ एकदम बारीक निकली हैं!"

* * *

हे प्लास्टिक मक्यापासून बनतं, असं मी वर्गात सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघते तर प्लास्टिकचं रीळ छताच्या हुकाला टांगलेलं.

"चूहे, मॅडम! मक्के का माल है."

पोरं पोट धरून हसली. सोमवारी कुलूप उघडलं. रीळ सुखरूप होतं. उंदरांनी प्रिंटरची केबल खाल्ली होती!

* * *

हरिशंकरपुरमचा आमचा विद्यार्थी निखिल कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये उस्ताद. खऱ्या सीएनसी मशीनवर पहिल्याच दिवशी टूल भलतीकडे निघालं, तसा ओरडला, "मॅडम, अनडू कुठं आहे?"

तोमरजींनी शांतपणे लाल बटण दाबलं. "बेटा, यहाँ रुक सकते हैं. लौट नहीं सकते."

* * *

पर्यावरणाला जपायचं म्हणून धातू कापताना खनिज तेलाऐवजी खाद्यतेल वापरून बघायचं ठरलं. तोमरजींनी दौलतगंजातून सरसोंचं तेल आणलं. टूल तापलं आणि वर्कशॉपभर कचोरी तळल्याचा घमघमाट! विभागप्रमुख धावत खाली आले, "आज किसका बर्थडे है?"

आजारी म्हणून रजेवर असलेले दोन विद्यार्थीही त्या प्रॅक्टिकलला हजर होते!

* * *

खासगी बाजार मोहल्ल्यात राहणाऱ्या मृण्मयी शितोळेनं प्रोजेक्टला आमचा सर्वांत जुना लेथ घेतला. त्याचा एक गिअर तुटलेला, स्पेअर कुठंच मिळेना. लेथ भंगारात निघाला होता. "मॅडम, मी करून दाखवते ना!" म्हणाली.

तुटका गिअर स्कॅन केला, दाते पुरे केले, नायलॉनमध्ये प्रिंट केला. पहिला वाकडा निघाला. दुसरा तडकला. तिसरा निघाला तो अगदी देखणा! पण परीक्षेच्या सकाळी बसवायला गेली तर शाफ्टवर चढेचना. भोक केसभर लहान. बाहेरगावचे परीक्षक दारात उभे, आणि हिचे डोळे भरलेले.

तोमरजींनी खिशातून गोल कानस काढली. चार हात मारले, फुंकर घातली, गिअर शाफ्टवर सरकवला. स्विच दाबला.

लेथ फिरला! टाळ्यांनी पत्रे दणाणले.

परीक्षक खूश. चष्मा सावरत त्यांनी विचारलं, "वेरी गुड! कौन-सी टेक्नॉलॉजी यूज़ की?"

मृण्मयीनं डोळे पुसले.

"सर, तीन दिन थ्री-डी प्रिंटर, और दो मिनट तोमरजी!"