कडूकाका आणि जावयाची पोती

आमच्या यांना कारखान्यात सगळे कडूकाका म्हणतात. नाव उगीच पडलेलं नाही. पोटाच्या औषधासाठी कुड्याची साल येते, ती हे चावून पारखतात. हुबेहूब तशीच दिसणारी दुसऱ्या झाडाची साल असते, सख्ख्या बहिणीच शोभतील. पण तिच्यात ना कडूपणा, ना गुण. खरी साल चावली की कडूपणा जिभेच्या मुळाशी ठाण मांडून बसतो. लग्न नवीन असताना यांनी मलाही कौतुकानं एक तुकडा चाखवला होता. नवरा कसला, वैरी! दिवसभर चहासुद्धा कडू लागला.

आणि या माणसाला फसवायला निघालं कोण? आमचा जावई! साल पुरवायचं काम नुकतंच धरलं होतं त्यानं. पहिलीच पोती आली. यांनी चाखून पाहिली, कडू. तरी यांचं समाधान होईना. मग तुकडा मोडला, चाकूनं वरचा थर खरवडला आणि आतला भाग चावला. मचूळ! खोटी साल खऱ्या सालीच्या काढ्यात भिजवून वाळवली होती. यांनी सगळी पोती दारातूनच परत पाठवली.

घरी येऊन सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे मेल्या, जुलाबानं बेजार झालेली लेकरं पिणार ते औषध! आणि सासऱ्याच्याच डोळ्यांत धूळ फेकतोस?

दुसऱ्या दिवशी लेक आली, तीही फणफणत.

"बाबा, घरच्या माणसाला सांभाळून घेता आलं नाही तुम्हाला? यांचं काम गेलं तर आम्ही खायचं काय?"

"तुझं वाईट व्हावं असं वाटतं का गं मला?" हे म्हणाले. "पण ती साल मी घेणार नाही."

"तिला बिचारीला काय ठाऊक!" मी मध्ये पडले. "त्या लबाडाला पाठव इकडे. चांगली खरडपट्टी काढते त्याची." माझी लेक भोळी आणि नशिबी हा असला नवरा, असं मी शेजारच्या वहिनींनाही ऐकवून आले होते.

लेक उठली. आत जाऊन पपई सोलून, चिरून घेऊन आली. बाबांना आवडते म्हणून. यांनी एक फोड खाल्ली, मग दुसरी.

"गोड आहे गं," म्हणाले. तिच्याकडे मात्र बघितलं नाही.

मी एक फोड तोंडात टाकली आणि जिभेच्या मुळाशी तेच! तोच कडूपणा. मी तिचे हात पाहिले. नखांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. साल भिजवली होती ती या हातांनी.

"तू?" मी म्हटलं. तिनं हात मागे घेतले.

कालपासून जावयाच्या नावानं चाललेलं माझं तोंड एकदम बंद पडलं. संताप असा झाला की ताट भिरकावून द्यावं. पण यांनी ते आपल्याकडे ओढलं आणि उरलेल्या फोडी एकेक करून संपवल्या. मला दुसरी घेऊच दिली नाही.