शेंदरी खेकडे आणि पडलेला हात

डॉक्टरांनी माझा खालचा ओठ दोन बोटांनी ओढला आणि तोंड खिडकीकडे वळवायला सांगितलं. हिरड्यांच्या कडेने, दातांना लागून, निळसर काळी रेघ होती. मला ती आरशात कधी दिसली नव्हती.

"काम काय करता?" त्यांनी विचारलं.

तुमचे आजोबा शेजारी उभे होते. तेच म्हणाले, "घरचंच. बाकी काही नाही."

"मग नखांत हे केशरी काय?"

"शेंदूर," मी म्हणाले.

"रोज मारुतीला जाता?"

"नाही. खेकडे रंगवते."

मग आजोबांना सांगावंच लागलं की मी लहान मुलांची चित्रांची पुस्तकं लिहिते आणि रंगवते, दोन छापून झाली आहेत, तिसरं चालू आहे. डॉक्टरांनी घशाला औषध लावायचा बारीक ब्रश माझ्या डाव्या हातात दिला. उजवा मनगटापासून खाली लोंबत होता. "कसं रंगवता ते दाखवा." मी ब्रश पेल्यात बुडवला आणि टोक काढायला ओठांत फिरवला.

"थांबा." त्यांनी ब्रश माझ्या तोंडातून काढून घेतला. "लेड पॉयझनिंग. शिशाची विषबाधा."

तुम्ही दोघी हल्ली रंगांत बुडालेल्या असता असं तुमच्या आईने तिकडून कळवलं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

तीस सालानंतरची ती वर्षं. आम्ही रेवदंड्याला राहायचो, आजोबा शाळेत शिकवायचे. माझी चित्रं मुंबईच्या छापखान्यात जात. तिथले कारागीर ती लिथोच्या दगडावर उतरवून घेत. माझी रेघ जाड झाली की त्यांची आणखी जाड व्हायची, म्हणून मला ती केसासारखी लागे. दर दोन-तीन रेघांनंतर ब्रश ओठांत जायचा.

मुंबईहून येणारा नारिंगी रंग मला फिका वाटे. मी वाण्याकडचा शेंदूर बाभळीच्या डिंकात खलू लागले. होड्यांना लावतात तो सफेदा, तोही शिशाचाच, माशांच्या पोटांना वापरला. मासे आमची शेजारीण रखमाबाय आणून द्यायची. ती कोळीण, तिला माझ्या कामाची गंमत वाटे. "बाय, लवकर काढ त्याला. मला त्याचं कालवण करायचं हाय," म्हणून दारातच बसून राही.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. रेड लेड, म्हणजे शिशाचा लाल रंग, विषारी असतं हे रसायनाच्या पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते इंग्रजी पुस्तकातलं. शेंदूर देवाचा. दोन्ही एकच, हे माझ्या मनात कधी आलंच नाही.

आधी पोटात कळा सुरू झाल्या. त्यांना कॉलिक म्हणतात. आतून कुणी फडकं पिळावं तसं होई आणि शौचाला होत नसे. वैद्यांनी एरंडेल दिलं. चार महिने असे गेले. मग एका सकाळी मी बारावं पान संपवलं आणि ब्रश गळून पडला. उचलायला गेले तर मनगट वर येईना. दुखत काहीच नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटली.

पानं सोळा होती. चार राहिली.

रेवसहून लाँचने मुंबईला त्या डॉक्टरांकडे गेलो. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासला, तांबड्या पेशींत निळे ठिपके सापडले. मनगट पडण्याला रिस्ट ड्रॉप म्हणतात, म्हणजे हात उचलणारे मज्जातंतू शिशाने निकामी होणं. मनगट वर धरून ठेवायला फळी बांधली, तिला स्प्लिंट म्हणतात. दूध भरपूर, कॅल्शियम, जुलाबाचं मीठ. एक दिवसाआड विजेचा बारीक झटका देऊन स्नायू हलतो का ते पाहायचे. मी बोटांकडे बघत बसे. तीन आठवडे काही हललं नाही.

"हात येईल का?" मी रोज विचारायचे.

"सहा महिने थांबा. येईल किंवा येणार नाही. पुन्हा शिसं पोटात गेलं तर मात्र विचारायला येऊ नका."

घरी आले तर छापखान्याचं पत्र वाट पाहत होतं. शाळा उघडण्याआधी पुस्तक हवं होतं. मी डाव्या हाताने प्रयत्न केला. खेकडा बटाट्यासारखा झाला. आजोबा म्हणाले, "त्यांना दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ दे. पुस्तक तुझंच राहील." तसं ते राहिलं नाही. शेवटची चार पानं एका अनोळखी माणसाने काढली. चांगली काढली. ते पुस्तक मी अजून पूर्ण उघडत नाही.

पाचव्या महिन्यात रखमाबाय ओट्यावर सुकटीची टोपली ठेवून बोलत बसली होती. कावळा टोपलीवर उतरला. मी हाकलायला हात उचलला.

रखमाबाय बोलायची थांबली. "बाय, फळी कुठं हाय?"

फळी धुवायला काढली होती. मनगट वर होतं आणि कावळा सुकट घेऊन गेला तरी मी ते खाली करायला धजत नव्हते.

"पळू दे त्याला," ती म्हणाली. "खाल्लंन तर खाल्लंन."

हात आला, पण पुरता नाही. मधली दोन बोटं आजही उशिरा ऐकतात. केसासारखी रेघ गेली ती गेलीच. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरले नाही. माझ्या हातांचा दिवस कसा जातो हे त्यांनी विचारलं. तुम्ही आजारी पडलात आणि कुणी विचारलं नाही, तर आपणहून सांगा, लाज वाटली तरी. ब्रश फडक्याला पुसा.

त्यानंतरची पुस्तकं मी उभ्याने काढली, मोठ्या कागदावर, सगळा हात हलवून. कारागीर म्हणाले, एवढं मोठं कुणी काढत नाही. तुमच्याकडे जे पुस्तक आहे, त्यातली सुरमई दोन पानं भरून उरते, शेपटी कागदाबाहेर जाते. तुमची आई लहान असताना त्या चित्रावर पालथी झोपायची. ती सुरमई मी खांद्यातून काढली आहे.