आगबोट पुण्याला गेली

"दोनच," शिरीष म्हणाला. "कॉम्प्युटरच्या मेमरीत दोनच मशिनं मावतात, मेस्त्री. तिसरं बाद."

कुडाळच्या आमच्या शेडमध्ये तीन पिनबॉल मशिनं ओळीने उभी होती. मालक बाबलशेट बाकावर बसून पान जुळवत होते. शिरीष त्यांचा भाचा, पुण्याचा इंजिनिअर. टीव्हीला जोडायचे छोटे कॉम्प्युटर तेव्हा नुकतेच आले होते. जुनी मशिनं पडद्यावर हुबेहूब उतरवायची आणि तो गेम विकायचा, असा त्याचा बेत होता.

ज्यांनी पिनबॉल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. उतारावर ठेवलेली काचेच्या झाकणाची पेटी. स्प्रिंगचा दांडा ओढून लोखंडी गोळी वर मारायची. ती खुंट्यांना आपटत, घंटा वाजवत खाली येते. तळाला दोन पंख असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. बटण दाबून गोळी परत वर उडवायची. हुकली तर गेली.

मी शिकलो चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. मशिनं दुरुस्त करायचं काम मी वास्कोला खलाशांच्या क्लबात शिकलो. क्लबाने काढून टाकलेली ही तीन मशिनं शेटनी घेतली आणि आम्ही ती जत्रांमधून फिरवली. काचेवरच्या चित्रांवरून नावं पडली. राणी, सर्कस आणि आगबोट. पण आता जत्रेत व्हिडिओचे मंडप येऊ लागले होते. शेट धंदा आवरत होते.

"गेमात जातीत ती दोन शिरीष पुण्याक नेतलो, नीट ठेवतलो," शेट म्हणाले. "तिसऱ्यासाठी भंगारवाल्याक सांगान ठेवलंय."

शिरीषने राणी आणि सर्कस निवडली. दोन्हींत दिवे भरपूर. आगबोट सगळ्यात जुनी, दिवे जेमतेम. तो तिच्यावर एकटाच अर्धा तास खेळला आणि हात झटकून उभा राहिला.

"डल आहे, मेस्त्री. हिच्यात काही घडतच नाही."

"शेडीत काय घडतला? जत्रेत चल."

"मला परवा पुण्याला..."

"मगे उद्या चल."

रेडी गावाच्या बाजूला जत्रा होती. तिथे आम्ही कापणी झालेल्या मळ्यात मशिनं लावली. पायाखाली चिऱ्याचे तुकडे सारून मी उतार जमवला. दिवस कलायच्या आत आगबोटीभोवती माणसांचं कडं झालं. आमच्याकडे पिनबॉल एकटा कोणी खेळत नसे. डाव्या बटणावर एक, उजव्यावर दुसरा, आणि तिसरा कमरेने पेटी ढकलणारा. गोळी वाकडी जायला लागली की ढकलून वाटेवर आणायची. कंपनीचं मशीन हे चालू देत नाही. आत एक लंबक टांगलेला असतो. पेटी जास्त हलली की तो कडीला टेकतो आणि खेळ बंद पडतो. त्याला टिल्ट म्हणतात. आगबोटीचा लंबक मी काढूनच टाकला होता. तिची पेटी सागवानी होती, मार सोसायची. बाकीच्या दोघींचे पाय ढकलल्यावर वाकत.

उजव्या बटणावर वसंता होता. एके काळचा खलाशी. ढकलायला त्याचा मेव्हणा.

"मेल्या, सासऱ्याची बोट काय ती? जोर लाव."

"लावलंय. तुजोच हात झोपलो हा."

"झोपतलो नाय तर काय? तुझी भैण रात्रभर भांडता."

सगळं कडं हसलं. शिरीषही हसला. तो सर्कशीकडे फिरकलाच नाही.

"ठरलं," तो म्हणाला. "राणी आणि आगबोट."

ट्रकात मशिनं चढवताना मी त्याला बजावलं. "आगबोट माझ्याशिवाय उघडायची नाही. तिच्या सगळ्या तारा मी बदलल्यात. गॅरेजात लाल तारेचंच बंडल मिळालं होतं. आत सगळं लाल आहे. कुठली तार कुठे जाते ते मलाच ठाऊक. हवं तर मी येतो."

"उघडायचं कशाला? वरून मापं घ्यायची, फोटो काढायचे. तुम्ही कशाला त्रास घेता?"

ट्रक फोंडाघाटाच्या रस्त्याने गेला. त्याच आठवड्यात भंगारवाल्याने सर्कस नेली.

गणपती झाल्यावर शिरीष कॉम्प्युटर घेऊन आला. शेटच्या पडवीत टीव्ही मांडला. मी वसंताला आणि मेव्हण्याला बोलावून घेतलं. पडद्यावर आगबोट दिसली. खुंट्या जिथल्या तिथे, रंगही तेच. पोरानं काम चोख केलं होतं, ते मी नाकारत नाही.

गोळी सुटली. वाकडी जायला लागली तसा मेव्हण्याने सवयीने टेबलाला कमरेचा दणका दिला. टीव्ही डुलला. शेटची बायको आतून धावत आली.

"टीव्ही पाडतलास मेल्या. बाजूक हो."

"धक्क्यासाठी हे लांब बटण आहे," शिरीष म्हणाला. मेव्हण्याने ते दाबलं. गोळी इतकुशी सरकली. परत दाबलं. परत तितकीच सरकली.

"ह्यां ढकलणां न्हय," तो म्हणाला. "ह्यां नुसता बोट लावणां." आणि जाऊन पायरीवर बसला. वसंता आणखी एक डाव खेळला, मग तोही उठला.

शिरीषने टीव्ही बंद केला. "पुण्यातही हेच झालं. माझा पार्टनर म्हणतो, आगबोट काढा. सर्कस आणता येईल का?"

"सर्कस खंयची? ती वितळलीसुद्धा," शेट म्हणाले.

"आगबोट परत धाड मगे," मी म्हणालो.

तो मान खाली घालून बोलला. मापं घ्यायला खुंट्यांची वरची फळी उचलावी लागली. तारांमुळे ती निघेना, म्हणून तारा कापल्या. फळी ऑफिसच्या भिंतीवर लावली आहे. पेटी जिन्याखाली होती, घरमालकाने टाकून दिली.

"आणि आतलं सामान?"

"होतं एका खोक्यात."

मी चप्पल पायात घातली. बोलून तारा जुळत नाहीत. एकट्या राणीच्या जोरावर गेम कोणी घेतला नाही आणि तो बेतही तिथेच संपला. शेटनी शेड खतवाल्याला भाड्याने दिली.

शिरीषला जत्रेत नेऊन आगबोट मी पुढे केली, ती माझी निवड चुकली असं लोक म्हणतात. मी मानत नाही. तिघींत आगबोटच चांगली होती, आजही सांगेन. पण नक्कल करायला कधी चांगलं मशीन देऊ नये. दुसऱ्या नंबरचं द्यावं.

त्यानंतर मी विहिरींवरच्या पंपांची कामं धरली. पंपाची नक्कल मागायला कोणी येत नाही.