एक्केचाळिसावं गाव

अण्णा कॉम्प्युटरसमोर बसायचे ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. पाच मिनिटं, दहा मिनिटं, नुसते पडद्याकडे बघत. मी वैतागून म्हणायचे, "अहो अण्णा, माऊस धरा की आता!" त्यावर मान न वळवता ते म्हणायचे, "आधी बघू, मॅडम. मग हात लावू."

चहाचा कप समोर ठेवला तरी हेच. घरी ताटात नवी भाजी पडली तरी ते हेच म्हणत असणार, अशी माझी खात्री होती. तुमच्याही ओळखीत असं एखादं संथ माणूस असेल. आपला जीव टांगणीला लागतो आणि त्यांचं आपलं बघणं चालूच.

अण्णा साखर कारखान्यातले निवृत्त मेकॅनिक. वाफेचा दाब किती, रस किती तापलाय, हे दाखवणारी घड्याळं नीट चालतात की नाही, हे बघण्यात त्यांची उभी हयात गेली. शेवटी शेवटी कारखान्यात घड्याळं जाऊन कॉम्प्युटर आले, तेव्हा बरोबरीचे लोक कपाळाला हात लावून बसले आणि पन्नाशीतले अण्णा वही घेऊन प्रोग्रॅमिंग शिकायला लागले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना खपलं नसतं.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. वीसेक वर्षांपूर्वी नोकरीला लागले तेव्हा अंगात भारी खुमखुमी होती. त्या भरात पोरांसाठी 'ओढा' नावाचा एक गेम केला. डोंगरावरून पाणी येतं, तुमच्याजवळ मोजके दगड असतात. ते रचून पाणी वळवायचं आणि पडद्याबाहेर वाहून जायच्या आत गावच्या विहिरीत पोचवायचं. पण पोरांना खरं वेड लागलं ते त्याच्या एडिटरचं. म्हणजे गेममधलं गाव स्वतः मांडायची सोय. डोंगर इथे, खडक तिथे, विहीर पलीकडे. प्रत्येकानं आपापलं गाव मांडलं, ती गेमची एक लेव्हल झाली. गाव सोडवलं की मांडणाऱ्यानं लिहून ठेवलेली एक ओळ पडद्यावर यायची. ती कुणी चोरून आधीच वाचू नये म्हणून मी फाईलमध्ये अक्षरांची खिचडी करून ठेवली होती.

अशी त्रेपन्न गावं एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये पडून होती आणि माझा एडिटर त्या एका डबड्यापलीकडे कुठेच चालत नव्हता. नवी लॅब आली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, परीक्षा झाल्या की जुनं सगळं भंगारात. मी दोन दिवस हळहळले. खरं सांगते, तिसऱ्या दिवशी विसरले असते.

तिसऱ्या दिवशी भंगाराची बातमी ऐकून अण्णा मोपेडवरून कोल्हारहून आले. लॅबच्या दारात चपला काढल्या आणि म्हणाले, "ते पान्याचं गेम हाय न्हवं तुमचं, ते मी नव्यानं लिवून देतो. नव्या मशीनवर चालंल असं. माझ्या पोरीचं गाव हाय त्यात."

त्यांनी नाव सांगितलं आणि मला ती लख्ख आठवली. नववीत होती, दोन वेण्या, प्रश्न विचारून विचारून डोकं खायची. पुढे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तापाचं निमित्त झालं आणि गेली.

"तुम्ही पाहिलंय का तिचं गाव?" मी विचारलं.

"न्हाई. 'अण्णा, चला की, दावते' म्हणून रोज मागं लागायची. मी म्हनायचो, हंगाम संपू दे." दारातल्या चपला पायानं सरळ केल्या. "हंगाम संपायचा तवर शाळंला सुट्टी लागायची. लॅबला कुलूप. मग ऱ्हाऊनच गेलं."

माझ्याच्याने राहवेना. "चला, आत्ता दाखवते. जुना कॉम्प्युटर अजून चालतोय," म्हणत मी उठलेसुद्धा. पण अण्णांनी हातानं मला थांबवलं. "तिचं एक्केचाळिसावं हाय, तीच सांगायची. पाटाचं पानी पाळीनं घ्यायचं असतं, मॅडम. तिची पाळी यिऊ द्या."

मला तेव्हा वाटलं, काय हा हट्टी माणूस! आता वाटतं, त्यांना भीती वाटत होती.

त्यांनी काम सुरू केलं ते कारखान्याच्या रीतीनं. पहिल्याच दिवशी सगळी गावं पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. मग जुना एडिटर डाव्या हाताला, नवा उजव्या हाताला. हंगामात मिल बंद करून दुरुस्ती करता येत नाही. जुनं चालू ठेवायचं, शेजारी नवं उभं करायचं आणि एकेक वायर इकडून तिकडे न्यायची. प्रत्येक वायरला चिठ्ठी. इथे वायरी नव्हत्या, म्हणून अण्णांनी माझ्या जुन्या प्रोग्रॅमच्या कागदांनाच चिठ्ठ्या लावल्या. आणि तिथे माझी पुरती शोभा झाली.

"मॅडम, हे 'वडापाव दोन' काय हाय?"

"जमिनीचा उतार आहे तो, अण्णा."

"मग उतार का न्हाई म्हनला?"

"भूक लागली होती हो तेव्हा."

हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं: वडापाव दोन म्हणजे उतार. दुसऱ्या दिवशी येताना मात्र पुडक्यात दोन वडापाव घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवले.

रोज दोन-तीन गावं. आधी जुन्यावर पाणी सोडायचं, मग नव्यावर. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी घरं होती; थेंब एक घरही इकडचा तिकडे गेला तर पुन्हा पहिल्यापासून. कुणाच्या गावात बोरीची झाडं होती, कुणी सरपंचाच्या घराभोवती मुद्दाम खडक मांडले होते. गाव सुटलं की अण्णा ओळ मोठ्यानं वाचायचे आणि मी ते पोरगं आता कुठे असतं ते सांगायचे. इतकं आपलेपणानं माझं काम दुसऱ्या कुणी कधी वाचलं नाही.

तिसाव्या गावावर जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली. करपल्याचा वास आला आणि पडदा काळा झाला. अण्णांनी त्याच्यावर हात ठेवला. "लई राबलास बाबा," म्हणाले. फाईली हाताशी होत्या, पण आता पडताळून बघायला जुनं काही उरलं नव्हतं. पोरीचं गाव दिसायचं तर नव्या एडिटरमध्येच दिसणार होतं.

आता माझा गुन्हा सांगते. माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एक चूक होती. पाणी डाव्या कडेला पोचलं की एक घर वर चढायचं. पाणी वर चढतं! भूगोलाच्या सरांनी मला वर्षभर चिडवलं होतं. पण कार्टी हुशार. त्यांनी ती चूक शोधली आणि पुढची गावं मांडताना खुशाल वापरली. पहिल्या चाळीस गावांत ती कुठेच आली नव्हती, त्यामुळे अण्णांना दिसली नाही. त्यांनी त्यांच्या समजुतीनं पाणी नेहमी खालीच नेलं होतं. मला ते कळलं होतं. बरं झालं, आपली चूक परस्पर बुजली, म्हणून मी गप्प बसले.

एक्केचाळिसाव्याची पाळी आली. त्या दिवशी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

गाव उघडलं. प्रवरा नदी निळीशार, काठावर झोपड्या आणि विहीर अगदी डाव्या कडेला, एक घर उंचावर. बघताक्षणी मी ओळखलं, पोरीनं माझी चूक वापरली होती. अण्णांनी पाणी सोडलं. पाणी आलं, कडेला टेकलं आणि खाली वाहून गेलं. त्यांनी दगड हलवले, पुन्हा सोडलं. तीन दिवस ते तेच करत होते. तिसऱ्या दिवशी माऊस बाजूला ठेवून हळूच म्हणाले, "पोरीचं चुकलं असंल. ल्हान हुती."

लाज वाटली हो मला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तिचं नाही चुकलं, अण्णा," मी म्हटलं. "माझं चुकलं होतं. आणि मी ते तुमच्यापासून लपवलं." आणि सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, चिडतील. ते हात मांड्यांखाली घालून बसून राहिले. मग म्हणाले, "बॉयलरवर एक घड्याळ हुतं. काटा दोन घरं जास्त दावायचा. मी हौसंनं नवं बसवलं, एकदम बरूबर. पन समद्यांना सवय, दोन घरं वजा धरायची. त्येंनी नव्यावर बी धरली. वाफ चढत गेली अन् धोक्याची शिट्टी वाजली. साहेबानं मला उभा-आडवा घेतला. तवापासून चूक काढायच्या आधी मी इचारतो, हिच्या भरवशावर कोन बसलंय?" एवढं बोलून माझ्याकडे बघितलं. "या टायमाला इचारायचं राह्यलं. माझं बी चुकलं."

दुसऱ्या दिवशी एडिटरमध्ये बरोबरची खूण करायला एक नवा चौकोन होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं: 'मॅडमचा चढ'.

"अण्णा! अहो, माझी काही अब्रू?"

"ऱ्हाऊ द्या की. पोरांना कळंल, मॅडमचं बी चुकतं."

त्यांनी खूण केली आणि पाणी सोडलं. पाणी वळणं घेत आलं, कडेला टेकलं, क्षणभर थांबलं आणि एक घर वर चढलं. विहीर निळी झाली. मग ओळ आली. तेव्हा मराठी टाईप होत नव्हतं, पोरं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. त्या मोठाल्या अक्षरांत लिहिलं होतं: अण्णा, हंगाम संपला का?

त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली नाही. मी तोंड फिरवून रडून घेतलं. बऱ्याच वेळानं ते उठले, दारात चपला घातल्या, म्हणाले, "येतो, मॅडम." मोपेड दोनदा किक मारूनही चालू झाली नाही, तेव्हा ती तशीच हातानं ढकलत फाटकाबाहेर घेऊन गेले.

पुढे त्यांनी उरलेली गावंही पाळीनं पुरी केली, एकही न गाळता. शेवटी एडिटर माझ्या ताब्यात दिला, तर त्यात प्रत्येक गावाच्या ओळीखाली एक रिकामी जागा: 'उत्तर'. मी हुज्जत घातली. एवढ्या जुन्या पोरांना आता उत्तर कोण लिहिणार? "असू द्या मोकळी जागा," म्हणाले. "कुनाला लागंल."

त्याच वर्षी, कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आठवड्यात अण्णा गेले. शांतपणे, दुपारी, जेवून आडवे झाले तेव्हा.

लॅबमध्ये 'ओढा' जोरात चालू असतो. नवी पोरं नवी गावं मांडतात, 'मॅडमचा चढ' म्हणजे काय ते विचारून मला छळतात. माऊसवर तुटून पडलेल्या पोराला मी ओरडते, "आधी बघ, मग हात लाव!" आणि मग मलाच अण्णांची आठवण येऊन गलबलतं.

परवा तास संपल्यावर एकटीच होते. एक्केचाळिसावं गाव उघडलं. त्या दिवसानंतर माझी हिंमत झाली नव्हती. दगड ठेवले, खूण केली, पाणी सोडलं. विहीर भरली आणि तिची ओळ आली.

खालची जागा रिकामी नव्हती. तिथे मराठीत लिहिलं होतं:

संपला गं. आलो.